खाटेजवळचे काम कोणाचे? परिचर्येतल्या पदनामांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या पालिका रुग्णालयात संध्याकाळी भेटीच्या वेळेला उभे राहिले की एकच हाक सारखी कानावर येते, ‘सिस्टर!’ सलाईन संपली, चादर ओली झाली, आजोबांना उठवून बसवायचे आहे, डॉक्टर कधी येणार ते विचारायचे आहे, हाक तीच. जिला ती मारली जाते ती कधी अधिपरिचारिका असते, कधी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कधी कंत्राटावरची एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), तर कधी मावशी, म्हणजे आया. नातेवाइकाला फरक कळत नाही आणि तो कळावा अशी सोयही कोणी केलेली नाही.

मद्रासला १८७१ साली परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, मुंबई इलाख्यात १९३५ साली नोंदणीचा कायदा आला, १९४६ च्या आरोग्यविषयक अहवालाने गावागावांपर्यंत आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला आणि १९४७ साली परिचारिकांच्या राष्ट्रीय परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिल) कायदा झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ चा. एवढी वंशावळ पुरे. आजचा गोंधळ यातल्या कुठल्याच कायद्यातून थेट आलेला नाही. तो पदांच्या नावांतून आणि पदांच्या संख्येतून आला आहे.

आधी नावे. सरकारी मराठीत वॉर्डात प्रत्यक्ष काम करणारी स्टाफ नर्स म्हणजे ‘अधिपरिचारिका’. तिच्या वरची वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ‘परिसेविका’. त्यावर सहायक अधिसेविका आणि सर्वांत वर मेट्रन, म्हणजे ‘अधिसेविका’. ‘अधि’ हा उपसर्ग शिडीच्या पहिल्या पायरीलाही आहे आणि शेवटच्या पायरीलाही. मधल्या पायरीला मात्र नाही. म्हणून ‘परिसेविकेची सही आणा’ म्हटले की नातेवाईक बुचकळ्यात पडतात. त्यांना अधिपरिचारिका हीच वरची वाटते. अर्ज भरणाऱ्या नव्या मुलीही यात चुकतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

‘सेविका’ या शब्दाचे तर आणखी कठीण आहे. अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका, परिसेविका, अधिसेविका. पाच जणी, पाच वेगळ्या शिक्षणाच्या, पाच वेगळ्या मोबदल्याच्या. आरोग्यसेविका म्हणजे एएनएम. १९७३ च्या केंद्रीय समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी केले, तेव्हापासून बाळंतपणाबरोबर लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण असे सगळेच तिच्या पिशवीत आले. आशा २००५ पासूनची. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि ‘स्वयंसेविका’ या एका शब्दामुळे कर्मचाऱ्याचे हक्क तिच्यापासून लांब राहिले आहेत. शब्द निवडताना कोणाच्या मनात काय होते ते असो, परिणाम तिच्या घरच्या जमाखर्चात दिसतो.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गुंता. जिल्हा परिषदेत ‘परिचर’ म्हणजे शिपाई. उपकेंद्रात आरोग्यसेविकेच्या हाताखाली असते ती ‘अंशकालीन स्त्री परिचर’. आणि तीन वर्षे जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा चार वर्षे बीएस्सी नर्सिंग शिकून आलेला तरुण ‘परिचारक’. एका कान्याच्या आणि एका अक्षराच्या फरकाने शिपाई आणि नोंदणीकृत व्यावसायिक शेजारी येऊन बसतात. वॉर्डात त्याला ‘ब्रदर’ म्हणतात आणि वॉर्डबॉयलाही काही जण ‘ब्रदर’च म्हणतात.

केंद्र सरकारने २०१६ साली आपल्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचे नाव बदलून नर्सिंग ऑफिसर केले. राज्यातल्या परिचारिकाही तीच मागणी करत आल्या. यावर बाहेरून टीका झाली, की अधिकारी झाल्यावर बेडपॅन कोण देणार? ही टीका मला अन्यायाची वाटते. बेडपॅन देणे हे हलके काम आहे असे आधी मनात धरले, तरच तो प्रश्न सुचतो. तरीही नाव बदलल्याने खाटेजवळचे काम कोणाचे हे ठरले नाही, हेही खरे. ते ठरायला माणसे लागतात.

आता संख्या. राष्ट्रीय परिषदेचा जुना निकष असा, की शिकवणाऱ्या रुग्णालयात दर तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयात दर पाच खाटांमागे एक, आणि रजेसाठी ३० टक्के पदे जादा. ऐकायला बरे वाटते. पण हा आकडा एकूण पदांचा धरला, एका पाळीचा नव्हे, की हिशोब बदलतो. दर पाच खाटांमागे एक धरून, रजेची जादा पदे सोडून, ३० खाटांच्या वॉर्डाला ६ जणी. आठवड्यात पाळ्या २१. प्रत्येकीच्या सहा ड्यूट्या धरल्या तर ३६ होतात, म्हणजे पाळीला दोन जणीही पुरत्या मिळत नाहीत. सकाळी राउंड, औषधे, तपासण्या, ऑपरेशनचे रुग्ण असतात, तिथे दोन-तीन लागतातच. रात्री उरते ती एकटी. शिवाय निकष खाटा मोजतो. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर घातलेल्या गाद्या मोजत नाही.

त्या एकटीपुढे अंथरुणाला खिळलेले सहा रुग्ण आहेत असे समजू. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा परिचर्येतला अगदी पहिल्या वर्षाचा धडा. रात्री आठ ते सकाळी आठच्या पाळीत एकाच्या सहा वेळा, सहा जणांच्या छत्तीस वेळा, आणि दर वेळी दोन माणसे हवीत. इंजेक्शने, नव्या भरती, केसपेपर आणि नोंदवह्या यांखेरीज. हे होत नाही. होऊ शकत नाही.

मग ते कोण करते? इथे ठाणे जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास येतो. ग्रामीण भागात कागदावर उतरंड नीट आहे. सपाट भागात दर पाच हजारांना आणि आदिवासी भागात दर तीन हजारांना उपकेंद्र. तीस हजारांना, आदिवासी भागात वीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र. मग ग्रामीण रुग्णालय. शहराला अशी पायरीच नव्हती. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबई महापालिका १९९२ ची. दर पन्नास हजारांना एक नागरी आरोग्य केंद्र हा निकष राष्ट्रीय पातळीवर २०१३ साली आला. तोवर वागळे इस्टेटचा कामगार विम्याच्या रुग्णालयात जाई आणि बाकी सगळे, शहापूर-मुरबाडचे, २०१४ ला पालघर वेगळे होईपर्यंत जव्हार-मोखाड्याचेही, ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे येत. इतक्या लांबून आलेल्या रुग्णाबरोबर घरचे एक माणूस असायचेच. ते रात्रभर खाटेखाली चटईवर झोपे. त्याच माणसाकडे हळूहळू अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे गेले. कोणी आदेश काढला नाही. हात कमी होते आणि समोर दोन हात रिकामे दिसत होते.

नवी मुंबईत चित्र थोडे वेगळे. १९७० नंतर नियोजनाने वसवलेले शहर, पण संपादन झाले ९५ गावांचे, आणि त्या गावांत आरोग्याची ओळख होती ती उपकेंद्राच्या बाईची. पालिका आल्यावर माता-बाल रुग्णालये, मग वाशीचे मोठे रुग्णालय, पुढे ऐरोली, नेरूळ. याच काळात खासगी रुग्णालये आणि नर्सिंग कॉलेजे झपाट्याने वाढली. शिकून बाहेर पडलेल्या मुली काही वर्षांचा अनुभव घेऊन परदेशाचा रस्ता धरू लागल्या, आणि खाटेजवळ पुन्हा मावशीच उरली.

मूलभूत परिचर्या म्हणजे स्वच्छता, असा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. खरे तर अंग पुसताना परिचारिका रुग्ण वाचत असते. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती फिकी पडली नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. घोटा दाबला आणि खड्डा राहिला, तर अंगात पाणी साठते आहे. तोंड स्वच्छ करताना जीभ किती कोरडी आहे ते कळते. भरवताना ठसका लागतो का, हे पाहिले नाही तर घास फुप्फुसात जातो. किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली, हा तक्ता डॉक्टर सकाळी वाचतो, पण तो खरा असतो रात्री भरणाऱ्याच्या जिवावर. म्हणून शिकवताना सांगतात, की काम सहायकाला सोपवता येते, पाहणी आणि जबाबदारी सोपवता येत नाही. मावशीने कूस बदलावी, पाठ परिचारिकेने पाहावी. पाठ पाहायला वेळ उरला नाही, हे आपल्याकडे घडले.

२०२० साली हे उघडे पडले. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात आणि ठाण्यात बाळकुमला मोठमोठी तात्पुरती कोविड रुग्णालये उभी राहिली आणि नातेवाइकांना प्रवेश बंद झाला. इतकी वर्षे न मोजलेले, बिनपगारी हात एका रात्रीत गेले. ऑक्सिजन आणि औषधांची चर्चा खूप झाली. पण पाण्याची बाटली उशाशी असून ती तोंडाला लावता न आलेल्या म्हाताऱ्या माणसांची चर्चा कमी झाली. पीपीई किटमध्ये घामाने भिजलेल्या परिचारिकांनी, कक्षसेवकांनी आणि मावश्यांनी जे केले ते मोठेच होते. त्यातले अनेक जण काही महिन्यांच्या कंत्राटावर होते आणि लाट ओसरल्यावर घरी गेले. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या. मुख्य विरोध होता बाह्यस्रोतातून कंत्राटी भरती करण्याला. बातम्यांमध्ये खोळंबलेल्या शस्त्रक्रियांचे आकडे आले. रात्रपाळीला ३० खाटांमागे किती जणी, हा आकडा मला फारसा कुठे दिसला नाही.

२०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. राष्ट्रीय नोंदवही, शिक्षणाचा दर्जा, राज्य आयोग अशा तरतुदी त्यात आहेत. नोंदवहीत नाव असणाऱ्यांसाठी हे चांगलेच आहे.

पण ठाण्यात आज बरीचशी परिचर्या वॉर्डाबाहेर होते. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत पक्षाघात झालेले वडील घरी आणले जातात, नाकात रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, अन्न देण्याची नळी), लघवीची पिशवी, आणि ब्युरोला, म्हणजे घरी काळजी घेणाऱ्या बायका पुरवणाऱ्या संस्थेला, फोन जातो. सकाळी आठला एक बाई येते, रात्री आठला दुसरी. घरचे तिला ‘सिस्टर’ म्हणतात, ब्युरोच्या पावतीवर ‘नर्स’ किंवा ‘अटेंडंट’ लिहिलेले असते. बहुतेक वेळा ती कळवा, दिवा, मुंब्रा अशा ठिकाणाहून लोकल पकडून आलेली, एखाद्या रुग्णालयात मावशी म्हणून काम करून शिकलेली असते. ट्यूबमधून दूध देण्याआधी डोके उंच करायचे, हे तिला कोणीतरी दाखवलेले असते किंवा नसते. ब्युरोशी बोलताना दोन गोष्टी विचाराव्यात. तिची परिचारिका म्हणून नोंदणी आहे का, आणि नसेल तर आठवड्यातून एकदा नोंदणीकृत परिचारिका येऊन पाठ, ट्यूब आणि तक्ता पाहील का? नोंदणी नसलेल्या बाईकडून इंजेक्शन देण्याची अपेक्षा ठेवू नये. तिच्यावरही तो अन्याय आहे. कूस बदलण्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवावा, वेळ आणि बाजू दोन्ही लिहाव्यात, आणि रात्री दोनच्या रकान्यापुढे सही आहे का ते सकाळी घरच्यांपैकी कोणीतरी पाहावे.