खोक्यावरचे वॉट आणि खोलीतला आवाज

टीव्हीचा आवाज खोलीभरच्या स्पीकरना पुरवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे मध्यम दर्जाच्या होम थिएटर रिसीव्हरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत वॉट छापलेले असतात. ‘प्रति चॅनल १५० वॉट’, असे सात चॅनल (प्रत्येक स्पीकरसाठी एक), म्हणजे बेरीज हजाराच्या वर. आता रिसीव्हरची मागची बाजू पाहा. वायरीच्या खोबणीजवळ विजेचा वापर लिहिलेला असतो, तो बऱ्याचदा पाचशे वॉटच्या आसपास. पाचशे आत घेऊन सतत हजार बाहेर देणारं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही. अर्थात मागचा आकडा म्हणजेही कमाल मर्यादा नव्हे. सुरक्षा चाचणीत तो साधारणपणे पूर्ण ताकदीच्या एक-अष्टमांश पातळीवर मोजतात. थोडक्यात, दोन्ही आकडे आपापल्या अटींवर खरे आहेत, आणि अटी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात असतात.

तिथे साधारण असं काही सापडतं: १५० वॉट, पण एकच चॅनल चालू, ६ ओहमचा (म्हणजे तेवढ्या विद्युत रोधाचा) स्पीकर, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात झालेली विकृती. दहा टक्के म्हणजे आवाज चक्क फाटलेला. त्याच्याच खाली दुसरी ओळ असते: दोन चॅनल चालू, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, ८० वॉट. दोन रिसीव्हरची तुलना करायची तर या दुसऱ्या ओळीची करावी. असल्या आकडेबाजीला आवर घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला होता. पण तो स्टिरिओच्या जमान्यातला. सातही चॅनल एकदम चालवून मोजायचे का, ही पळवाट त्यात राहूनच गेली.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की आपण फसलो. पण कानाचा हिशेब निराळा आहे. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. १५० आणि ८० यांच्यातला फरक तीन डेसिबलसुद्धा नाही. ज्या आकड्यावरून एवढी लबाडी चालते, तो कानाला जेमतेम जाणवतो!

मग लागतात तरी किती वॉट? एक साधा स्पीकर घ्या, संवेदनशीलता ८७ डेसिबल. म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल. सोफा तीन मीटरवर असला तर मोकळ्या मैदानात यातले साडेनऊ डेसिबल गळतील. बंद खोलीत भिंती थोडे परत देतात, तेव्हा ८० धरू. सिनेमातले संवाद आपण ६५च्या आसपास ऐकतो. हे १५ डेसिबल खाली आले, म्हणजे एका वॉटचा साधारण तिसावा हिस्सा! दणदणीत प्रसंगी आवाज ८५वर गेला तरी काम तीन वॉटमध्ये भागतं. पण चित्रपटगृहाच्या मोजमापातला १०५ डेसिबलचा शिखर-आवाज त्याच सोफ्यावर हवा असेल, तर हाच हिशेब तीनशे वॉटच्या वर जातो आणि मधल्या वर्गातला कुठलाही रिसीव्हर तिथे धापा टाकतो. लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज कर्कश होतो. यावर सोपा उतारा म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचा सगळा भार सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे सोपवणं. त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि सर्वाधिक ताकद खातो तो खर्जच.

४ ओहमच्या स्पीकरबाबत मात्र जपून. व्होल्टेज तेच आणि रोध निम्मा, म्हणून प्रवाह दुप्पट. वीस व्होल्टला ८ ओहममधून अडीच अँपियर जातात, ४ ओहममधून पाच. ती उष्णता कुठेतरी जायला हवी, म्हणून रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

माझ्या मते या वर्गातल्या रिसीव्हरची खरी परीक्षा खोक्यात सोबत येणाऱ्या छोट्या माइकपाशी होते. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपीएओ ही खोलीनुसार आवाज सुधारणाऱ्या प्रणालींची नावं. माइक कानाच्या उंचीवर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि गप्प बसायचं. प्रत्येक स्पीकरमधून चढत जाणारी शीळ येते आणि ती माइकपर्यंत कशी पोचली त्यावरून प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि सुरांचा तोल ठरतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा सबवूफरचं अंतर ४.८ मीटर आलं. टेपने मोजलं तर तीन मीटर. यंत्र चुकलं म्हणून मी शहाणपणाने आकडा दुरुस्त केला आणि ढोलाचा ठोका पार विस्कटला. सबवूफरच्या आतलं सर्किटच आवाज पाचेक मिलिसेकंद उशिरा सोडत होतं. रिसीव्हर अंतर नव्हे, वेळ मोजत होता. आकडा मुकाट्याने परत टाकला.

खोलीपुढे मात्र या प्रणालींचेही हात टेकतात. खोली ४.३ मीटर लांब असेल तर ४० हर्ट्झचा सूर तिच्यात स्थिर तरंग होऊन बसतो. शाळेत शिकलेले निस्पंद आणि प्रस्पंद आठवा: खोलीच्या मधोमध दाब जवळपास शून्य, भिंतीपाशी सर्वाधिक. ४० हर्ट्झचा सूर लावून नुसतं चालत जा, मध्यभागी तो विरतो आणि भिंतीजवळ छातीत घुमतो. घुमणारा उंचवटा प्रणाली कापू शकते. पण खड्डा भरायला दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट वॉट ओतावे लागतात, आणि परतून येणारी लाटही तितकीच वाढून ते खाऊन टाकते. सोफा अर्धा मीटर मागे ढकलणं हा उपाय फुकट आहे.

जोडण्यांबद्दल फार लिहीत नाही. टीव्हीवरच्या अ‍ॅपमधून आवाज रिसीव्हरकडे आणायचा असेल तर ई-आर्क हवं, म्हणजे एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे नेण्याची नवी सोय. जुन्या, साध्या आर्कमधून डॉल्बी ट्रूएचडीसारखा दर्जा न घटवता साठवलेला आवाज जात नाही. व्हिडिओ गेमसाठी घेणार असाल तर ४के १२० हर्ट्झचं चित्र प्रत्यक्ष लावून पाहा, नुसतं ‘एचडीएमआय २.१’ हे लेबल पुरेसं नाही. २०२०मध्ये हे लेबल लावून आलेल्या अनेक रिसीव्हरांमध्ये चिपच्या दोषामुळे गेम चालवणाऱ्या काही यंत्रांचं असं चित्र काळं पडत होतं.

दोन रिसीव्हर शेजारी ठेवून ऐकताना आधी दोघांचा आवाज मोजून सारखा करा, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आपल्याला हमखास ‘अधिक सुस्पष्ट’ वाटतो. मी भावाला वायरी बदलायला बसवलं आणि डोळे मिटून ऐकलं. वॉटमध्ये भरपूर अंतर असलेले दोन रिसीव्हर, दोन्हींची सुधारणा प्रणाली बंद. कुठला चालू आहे ते सांगताना माझी त्रेधा उडाली. मग त्याने एकाच रिसीव्हरवर प्रणाली चालू-बंद करायला सुरुवात केली, आणि एकदाही चुकलो नाही.