एकशे एक वर्षांचं कर्ज

सत्राच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एवढंच लिहिते: 1870, एक कोटी रुपये, व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. मग विचारते, तुम्ही असतात तर हे कर्ज दिलं असतं का?

इंदूरच्या मुलांसाठी हा व्यवहार घरचाच, पण बहुतेकांनी तो ऐकलेला नसतो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला दिलेलं हे कर्ज. 1878 पर्यंत मार्ग पुरा झाला आणि पातालपाणीचा घाट चढून गाडी इंदुरात आली. मुलं लगेच मोबाइलवर हिशेब करतात. वर्षाला साडेचार लाख, म्हणजे मुदतीत साडेचार कोटींच्या वर व्याज! वर्ग खूश होतो. मागच्या वर्षी मात्र सराफ्यात घरची पेढी असलेली एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, परत घ्यायला कोण असणार?"

मुदत संपायची होती 1971 साली. कर्ज घेणारं सरकार 1947 मध्येच गेलं. देणारं राज्य 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं.

माझी पीएचडी याच भानगडीवर चालली आहे. विषयाचं नाव भारदस्त, 'सार्वभौम पतजोखीम'. म्हणजे एखादा देश उसने घेतलेले पैसे बुडवेल का, आणि ती भीती व्याजाच्या दरात किती उतरते. (आई पाहुण्यांना "बँकेचंच काहीतरी करते" असं सांगून मोकळी होते.)

आपल्याकडे उसने देताना दोन गोष्टी बघतात, ऐपत आणि दानत. वर्गात मी हिंदीतून शिकवते, तिथे 'नीयत' म्हणून भागवावं लागतं. दानतीचं वजन काही त्याला येत नाही. माणसाची दानत फिरली तर निदान कोर्ट आहे, जप्ती आहे. देशाच्या दारात बेलिफ उभा करता येत नाही. तसा प्रयत्न झालाच नाही असं नाही. अर्जेंटिनाने 2001 च्या अखेरीस कर्ज थकवलं. बहुतेक धनकोंनी पुढे तडजोड केली, पण काही गुंतवणूक फंड हटून बसले. त्यांतल्या एकाने 2012 च्या ऑक्टोबरात घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'लिबर्ताद' हे प्रशिक्षणाचं शिडाचं जहाज कोर्टाच्या हुकुमाने अडकवून ठेवलं. डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने ते सोडायला लावलं, कारण युद्धनौकेवर टाच आणता येत नाही. एवढा खटाटोप करून हाती एक जहाज, तेही सुटलं.

मग देश कर्ज फेडतात तरी कशाला? 1981 साली ईटन आणि गेर्सोविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी दिलेलं उत्तर कुठल्याही वाण्याला पटेल: पुढची उधारी बंद होऊ नये म्हणून. पण बाजाराची स्मरणशक्तीही फार लांबची नसते. हटून बसलेल्या धनकोंशी 2016 मध्ये मिटवून जेमतेम वर्ष उलटलं, तोच 2017 मध्ये त्याच अर्जेंटिनाने शंभर वर्षांचे कर्जरोखे काढले आणि ते हातोहात खपले! त्या रोख्यांची गोष्ट शेवटी.

भीतीची किंमत कशी काढायची, हे गणित वर्गाला सगळ्यात आवडतं. समजा, भरवशाचा देश शंभर रुपयांवर वर्षाला 4 रुपये देतो आणि दुसऱ्याला 9 द्यावे लागतात. वरचे 5 रुपये भीतीचे. दुसऱ्याने हात वर केले तर शंभरातले 40 तरी परत येतील असं धरू, म्हणजे बुडणार 60. मग 5 भागिले 60. बाजाराच्या लेखी त्या वर्षी पैसे बुडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास. खरी शक्यता याहून बहुधा कमी असते, कारण धोका पत्करायचा मेहनतानाही देणारा त्या पाचातच वसूल करतो. भीती किती आणि मेहनताना किती, हे वेगळं काढण्यातच माझे दिवस जातात.

त्यातली खरी गोम वेगळीच आहे. लाँगस्टाफ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 26 देशांच्या कर्जविम्याचे, म्हणजे देशाने कर्ज बुडवलं तर भरपाई देणाऱ्या करारांचे, दर तपासले. त्या दरांच्या चढउतारातला तब्बल 64 टक्के भाग एकाच सामाईक घटकाने समजावता येत होता, आणि त्याचं नातं अमेरिकी शेअर बाजाराशी होतं. म्हणजे एखाद्या गरीब देशाने काटकसर करून वही नीट ठेवावी, आणि न्यूयॉर्कमध्ये कुणाचा तरी मूड गेला म्हणून त्याचं व्याज वाढावं. मला हे अजूनही अन्यायाचं वाटतं. प्रबंधात अर्थात असं लिहिता येत नाही.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सरकार नोटा छापून का फेडत नाही?" रुपयांतलं कर्ज तसं फेडता येईल, भुर्दंड महागाईच्या रूपाने सगळ्यांना. डॉलर मात्र नाशिकला छापता येत नाहीत. 1991 मध्ये आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. तेव्हा आधी 20 टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर स्विस बँकेला विकलं, मग जुलैत सुमारे 47 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं. हप्ता चुकवला नाही. पत मात्र तेव्हाच घसरली होती. स्टँडर्ड अँड पूअर्स या पत ठरवणाऱ्या संस्थेने आपल्याला गुंतवणूकयोग्य श्रेणीत परत घेतलं ते 2007 मध्ये, आणि त्यावरची एक पायरी चढायला 2025 चा ऑगस्ट उजाडला. म्हणून कर्जाचा नुसता आकडा बघून काही कळत नाही. जपानचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त, पण ते येनमध्ये आणि बरंचसं घरच्याच लोकांचं. अर्जेंटिना बुडाला तेव्हा त्याचं कर्ज उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास होतं.

कधी कधी तर भीतीच कर्ज बुडवते. पतपेढीबाहेर रांग लागली की चांगली पेढीही बसते, तसंच. व्याज वाढलं की जुनं कर्ज फेडायला नवं काढणं महाग, की धोका आणखी, की व्याज आणखी. 2012 मध्ये स्पेन आणि इटली त्याच रांगेत होते. 26 जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं जाहीर केलं आणि सप्टेंबरात रोखेखरेदीची योजनाही मांडली. दर उतरले. त्या योजनेखाली एकाही युरोचा रोखा घ्यावा लागला नाही.

सराफ्यातली ती मुलगी दुसऱ्या दिवशी आजोबांचा निकाल घेऊन आली: "दहा वर्षांच्या वर कुणालाच देऊ नये, देवालासुद्धा." मग मी तिला अर्जेंटिनाच्या शंभर वर्षांच्या रोख्याचा हिशेब घातला. व्याज 7.125 टक्के. 2020 मध्ये, तीनच वर्षांत, देशाने पुन्हा हात वर केले आणि जुन्या रोख्यांच्या बदल्यात नवे दिले, ज्यांची किंमत सरासरी डॉलरमागे 55 सेंटच्या आसपास धरली गेली. तिने वहीच्या कोपऱ्यात शंभर डॉलरवरचं तिन्ही वर्षांचं व्याज मांडलं, त्यात 55 मिळवले, आणि बेरजेखाली दोन रेघा ओढून वही माझ्यापुढे केली: 76.