चौक, तिठे आणि बंद बोळ

कसबा पेठेत एखादा रस्ता खोदलेला असला तरी चालणारा अडत नाही. शेजारच्या बोळात शिरतो आणि दोन वळणं घेऊन पुढे निघतो. वाघोलीत मुख्य रस्ता तुंबला की मात्र पर्याय शोधूनही सापडत नाही. दोन्ही पुण्यातच, एक जुन्या शहरात, दुसरं शहराच्या कडेला, तरी रस्त्यांची वीण वेगळी.

ही वीण मोजता येते. रस्ते जिथे मिळतात तिथे किती वाटा फुटतात ते पाहायचं: चौकाला चार, तिठ्याला तीन, बंद बोळाच्या टोकाला एक. सरासरी जितकी कमी, तितकं जाळं विस्कळीत. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी आधी अमेरिकेचे, मग जगभरचे रस्ते असे तपासले. अमेरिकेत हा विस्कळीतपणा 1994च्या सुमारास कळसाला पोहोचला आणि नंतर थोडा ओसरला. जगात मात्र 1975 पासून नव्या वस्त्यांमध्ये तो एकूण वाढतच गेला, असं त्यांच्या 2020च्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे हे कसं घडतं? शहर शेतांवर पसरतं. जमिनीचा एक गट एक बिल्डर घेतो, शेजारचा दुसरा. प्रत्येक जण आपल्यापुरता रस्ता काढतो आणि बांधावर कंपाउंडची भिंत घालतो. शेतांमधली जुनी वाट, म्हणजे पाणंद, रुंद होऊन मुख्य रस्ता बनते, सगळ्या सोसायट्यांची फाटकं तिच्यावरच उघडतात. भिंतीपलीकडचं घर हाकेच्या अंतरावर, पण चालत जायचं तर मोठा वळसा. मग मुलाला क्लासला सोडायलाही गाडी काढावी लागते. बसला एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येत नाही, म्हणून ती आत येतच नाही.

आणि रस्ता इमारतीपेक्षा फार चिवट असतो. पेठांतले वाडे पाडून इमारती झाल्या, बोळ बरेचसे तिथेच राहिले. आज शेतात चुकीची पडलेली वाटही अशीच टिकेल, याची मला खरी काळजी वाटते. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. वाघोली त्यांतलंच, पण तिथे भिंती आधीच उभ्या होत्या.

उपाय जुनाच आहे. मुंबई इलाख्याच्या 1915च्या कायद्याने नगररचना योजना आणली: सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी सलग रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला थोडा लहान पण नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. अहमदाबादच्या वेशीवरची शेतं आजही याच पद्धतीने शहरात येतात.