ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच: नागपूर आणि चिकनगुनिया

२०२४च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी साथ आली. ताप आठवड्याभरात उतरला, पण कित्येकांचे सांधे धरले ते धरलेच. सकाळी मूठ वळत नाही, पोळी लाटताना मनगटात कळ येते, कुलपात किल्ली फिरवायला दुसरा हात लावावा लागतो. ‘वय झालं’ म्हणून हे उडवून लावणं अन्यायाचं आहे. तिशीतल्या माणसांनाही हे भोगावं लागतं.

आजार शहराला नवा नाही. हा विषाणू आजच्या टांझानियात १९५२-५३च्या साथीत पहिल्यांदा सापडला. आपल्याकडे तो १९६३मध्ये कोलकात्यात, १९६४मध्ये मद्रासला आणि १९६५मध्ये नागपुरात पोहोचला. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ झाली आणि मग तीसेक वर्षं जवळपास सामसूम. २००५-०६मध्ये तो परतला तेव्हा देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तर विषाणूचा प्रकारच बदललेला: आधीच्या साथी आशियाई प्रकाराच्या, ही आफ्रिकी. डास मात्र तोच, दिवसा चावणारा एडिस. पावसाळा लागला तरी टाकीत पाणी तसंच असलेला कूलर म्हणजे त्याला आयतं घर.

ताप गेल्यावर सांधा का सुजलेला राहतो, यावर अजून एकमत नाही. विषाणू सांध्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो, त्यांच्या मदतीला रोगप्रतिकारक पेशी धावतात आणि दाह सुरू होतो. एका रुग्णाच्या अस्तरात दीड वर्षाने विषाणूचे अवशेष मिळाले. कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यांतल्या द्रवात मात्र जवळपास दोन वर्षांनी काहीच आढळलं नाही. म्हणजे शत्रू निघून गेल्यावरही शरीराची लढाई चालू राहत असावी. चित्र आमवातासारखंच (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) दिसतं, पण आमवाताच्या रक्तचाचण्या बहुधा निगेटिव्ह येतात.

उपचारही आमवाताकडूनच आले. १९४८मध्ये अमेरिकेत डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुष्परिणाम नंतर कळले. आज लेबल नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ झटपट आराम देतात, त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइडच असतं, हे मनापासून सांगावंसं वाटतं. मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध. ते आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञाच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत झालेल्या कामातून पुढे आलं, मुळात कर्करोगासाठी; आमवातासाठी तिथे मान्यता मिळाली १९८८मध्ये.

सूज तीन महिन्यांपलीकडे टिकली, तर संधिवाततज्ज्ञ तपासून हेच मेथोट्रेक्सेट देऊ शकतात. डोस आठवड्यातून एकदाच असतो. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर लिहून घ्यावा.