कापडी बॅगेवर ७ टक्के की १७.६? ४२०२ ची जुनी भानगड

नायलॉनची, हँडल असलेली, आत दोन-चार कप्पे असलेली एखादी वस्तू अमेरिकेत इम्पोर्ट करताना कस्टम्सच्या दरयादीतल्या (टॅरिफमधल्या) ६३०७ नंबरच्या खात्यात टाकायची की ४२०२ मध्ये, हा वाद बाहेरच्या माणसाला अगदी फालतू वाटेल. पण ६३०७ च्या 'इतर तयार कापडी वस्तू' या खात्यात बेसिक ड्युटी आहे ७ टक्के आणि ४२०२ मध्ये सिंथेटिक कापडाच्या बॅगेला लागते १७.६ टक्के, म्हणजे अडीचपट, मग वकिलाची फी भरूनसुद्धा लोक भांडणारच ना. त्यात गंमत अशी की दोन्हींतलं सोयीचं निवडायची मुभा कुणालाच नाही. कापडाचा जो सेक्शन आहे, अकरावा, त्याच्या पहिल्याच टिपेत लिहिलंय की ४२०२ मध्ये बसणारी कापडी वस्तू आमच्याकडे येतच नाही. म्हणजे आधी ४२०२ चं काय ते ठरवायचं, तिथे बसली की ६३०७ चं दार बंद.

आता नायलॉनची बॅग चामड्याच्या चॅप्टरमध्ये का, हा प्रश्न पडतोच. चॅप्टर ४२ मुळात चामड्याच्या वस्तूंचा. पण ट्रंक, पाकीट, हँडबॅग या वस्तू चामड्याच्या असोत, कापडाच्या असोत की पुठ्ठ्याच्या, काम एकच, म्हणून सगळ्या एकत्र ठेवल्या. लीग ऑफ नेशन्सने १९३१ साली जिनिव्हात कॉमन टॅरिफ यादीचा ड्राफ्ट केला होता, तो फारसा चालला नाही, मग युद्धानंतर ब्रसेल्सची यादी आली, ती १९५९ पासून लागू. तिच्यातही या मालाचा नंबर ४२.०२ च होता, आणि त्यात वाद्यांच्या, दुर्बिणीच्या, दागिन्यांच्या पेट्यांबरोबर शर्टाच्या सुट्या कॉलर ठेवायचे डबेसुद्धा होते, बघा कुठल्या काळातली यादी ती. यादीच्या शेवटी तीन शब्द, 'आणि तत्सम कंटेनर'. पुढची सगळी कोर्टबाजी याच तीन शब्दांवरून झालीय.

अमेरिका त्या वेळी ब्रसेल्सच्या बाहेर. तिचं स्वतःचं टॅरिफ, १९६३ पासूनचं, त्यात लगेजची व्याख्या लांबलचक होती, प्रवासाच्या बॅगा तर होत्याच, शिवाय गोल्फ बॅग, कॅमेरा केस, डॉक्टरांची पेटी आणि माणसाने सोबत न्यायची तसलीच इतर केसेस. नंतर हार्मोनाइज्ड सिस्टिम (एचएस) आली, म्हणजे मालाला नंबर देणारी आंतरराष्ट्रीय यादी, करार १४ जून १९८३ चा, लागू १ जानेवारी १९८८, अमेरिकेने घेतली १ जानेवारी १९८९ ला. नव्या ४२०२ चं वाक्य मधल्या एका सेमीकोलनने दोन तुकड्यांत तोडलंय. आधीच्या तुकड्यात ट्रंक, सुटकेस, ब्रीफकेस, चष्म्याची केस, बंदुकीची केस वगैरे, ही कुठल्याही मटेरियलची चालते. नंतरच्यात प्रवासी बॅग, रकसॅक, हँडबॅग, टूल बॅग वगैरे, पण ही चामडं, प्लास्टिक शीट, कापड, पुठ्ठा अशा ठरलेल्या मटेरियलचीच हवी. 'तत्सम कंटेनर' मात्र दोन्हीकडे!

त्या काळात भांडण फक्त टक्क्यांचंही नव्हतं. १९७४ च्या मल्टिफायबर करारापासून (कापडाच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कापडी मालावर कोटा होता आणि अमेरिकेच्या कोटा यादीत सिंथेटिक कापडाच्या बॅगा, लगेज यांना स्वतंत्र कॅटेगरी होती, नंबर ६७०. बॅगेचा बाहेरचा भाग कापड आहे की प्लास्टिक यावर इतका कीस पाडला जायचा त्याचं एक कारण हे. कोटे १ जानेवारी २००५ ला संपले, पण बॅग बाहेरून कशाची आहे यावरून दर ठरवायचा नियम राहिला.

पहिली मोठी केस टोट्स कंपनीची, १९९५. गाडीच्या डिकीत सामान नीट लावून ठेवायचा ऑर्गनायझर. कस्टम्सने ४२०२ लावून २० टक्के मागितले (तेव्हा दर तेवढा होता), कंपनी म्हणाली हे काय लगेज आहे का, ६३०७ लावा, ७ टक्के. फेडरल सर्किट कोर्टाने, म्हणजे अशा केसेसच्या अपील कोर्टाने, ४२०२ च्या यादीतल्या वस्तूंमध्ये समान काय ते शोधलं आणि चार गोष्टी काढल्या: सामान नीट लावणं, साठवणं, सांभाळणं आणि वाहून नेणं. ऑर्गनायझर या चौकटीत बसला, कंपनी हरली. माझ्या मते ही कसोटी फारच सैल आहे, कारण या चार कामांत न बसणारी पिशवी शोधूनच काढावी लागेल.

ते दोनच वर्षांत दिसलं. १९९७ मध्ये एसजीआय कंपनीची केस, मऊ विनाइलचे कूलर, खाणंपिणं थंड ठेवायचे. तेच चार निकष लावले तर हेही ४२०२ आणि २० टक्के. पण कोर्ट म्हणालं की यादीतल्या एकाही वस्तूचं काम अन्न किंवा पेय ठेवणं हे नाही, हा मोठा फरक आहे, म्हणून कूलर गेला ३९२४ मध्ये, प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंत, ३.४ टक्क्यांवर. कस्टम्स हरलं.

मग २००२ च्या एचएस दुरुस्तीत ४२०२ च्या मजकुरातच अन्नपेयाच्या इन्सुलेटेड बॅगा घातल्या, म्हणजे कोर्टाने बाहेर काढलेला माल यादीने परत आत घेतला. दर मात्र अमेरिकेने जुन्याच पातळीवर ठेवले, बाहेरून सिंथेटिक कापड असेल तर ७ आणि प्लास्टिक असेल तर ३.४. म्हणून आज एकाच कारखान्यातून निघालेल्या, शिवण-चेन सगळं सारखं असलेल्या दोन नायलॉन बॅगांपैकी इन्सुलेटेड जेवणाच्या बॅगेला ७ आणि साध्या प्रवासी बॅगेला १७.६ लागतात.

२०१६ मध्ये ऑटर कंपनीच्या मोबाइल कव्हरवरून परत तोच घोळ. कव्हर फोन सांभाळतं हे खरं, पण फोन आत असताना पूर्ण वापरता येतो, बॅगेतल्या वस्तूचं तसं नसतं, या मुद्द्यावर कोर्टाने कव्हर ४२०२ बाहेर काढून ३९२६ मध्ये, प्लास्टिकच्या इतर वस्तूंत, ५.३ टक्क्यांवर ठेवलं. पण ते कव्हर प्लास्टिकचं. कापडी वस्तूवाल्यांना अजूनही टोट्सच्याच चार निकषांतून जावं लागतं, आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून चीनच्या मालावरच्या जादा ड्युटीच्या तिसऱ्या यादीत ४२०२ च्या बॅगा आल्या, आधी १० टक्के, मग मे २०१९ पासून २५, आणि हे सगळं मूळ १७.६ च्या वर.