लिनक्स टाकलं की वायफाय बंद पडतं?

‘लिनक्स टाकलंत तर वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं बंद पडेल, आधी प्रत्येक भागाचा ड्रायव्हर शोधून ठेवा,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. (लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम; ड्रायव्हर म्हणजे सिस्टिमला एखादा भाग चालवता यावा यासाठीचा छोटा प्रोग्रॅम.)

तो अगदीच निराधार नाही. एके काळी वायफायसाठी खरंच बरीच खटपट करावी लागे. पण लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबतच, येतात. प्रत्येक पीसीआय (संगणकाच्या आत जोडलेलं) किंवा यूएसबी उपकरण आपला ओळख क्रमांक सांगतं: एक भाग उत्पादकाचा, दुसरा त्या उपकरणाचा. तो पाहून जुळणारा ड्रायव्हर आपोआप लोड होतो. वेगळी सीडी लागत नाही.

मग अडतं कुठे? बहुतेकदा फर्मवेअरपाशी. वायफायच्या अनेक चिपना सुरू होताना फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, एक छोटी फाइल द्यावी लागते. तिचा परवाना मुक्त नसल्याने काही वितरणं (लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं) ती सोबत देत नसत. डेबियन या वितरणाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येही २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून अशा फाइली आल्या. बोटांचे ठसे वाचणारे सेन्सर मात्र अजून बेभरवशाचेच.

खात्री करायची तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल न करता, संगणक सुरू करा. इन्स्टॉल केलं नाही, तर डिस्कवर आधीची सिस्टिम जशीच्या तशी राहते. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून परत जागा करा (हे हमखास राहून जातं). आतलं वायफाय कार्ड अडलं, तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ पर्यायासह (lspci -k) चालवा. कार्डाच्या नोंदीखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळ (Kernel driver in use) नसेल, तर त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. ओळ असूनही नेटवर्क दिसत नसेल, तर आधी फर्मवेअर तपासा.