व्हायरल व्हिडिओनंतरचा खड्डा

‘सलग २१ दिवस पोस्ट करा, बाविसाव्या दिवसापासून सवय आपोआप चालेल.’ एकट्याने व्हिडिओ, पॉडकास्ट किंवा लेख करणाऱ्यांना हा सल्ला इतक्यांदा ऐकवला जातो की तो प्रयोगशाळेत सिद्ध झाला असावा असंच वाटतं. प्रत्यक्षात हा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० मध्ये पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक छोटी सवय लावायला सांगून ८४ दिवस मोजमाप केलं. सवय अंगात मुरायला लागलेला काळ निघाला १८ ते २५४ दिवस, मधला आकडा ६६. (८४ दिवसांच्या प्रयोगात २५४ कुठून आले? आलेख पुढे वाढवून. म्हणून तो आकडा जरा हलक्या हातानेच घ्यावा.) आणि या सवयी म्हणजे पाणी पिणं, फळ खाणं, व्यायाम करणं. पटकथा, चित्रीकरण, संपादन एकहाती करणं हे प्रकरणच वेगळं.

शिवाय माझ्या पाहण्यातले बरेच क्रिएटर बाविसाव्या दिवशी थांबलेले नाहीत. ते थांबले एक व्हिडिओ धो धो चालल्यानंतर. हे उफराटं वाटतं, पण त्यामागे मेंदूचं एक फार देखणं गणित आहे.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे (डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचे) विद्युत संकेत टिपले. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की या पेशी तडतडत. मग रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच तडतडू लागल्या आणि रस आला तरी ढिम्म! खरी गंमत पुढे आहे. दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत. मिळालेलं वजा अपेक्षित, ही वजाबाकी त्या मोजतात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्त्झ यांनी १९९७ मध्ये हा अर्थ मांडला.

आता थोडं गणित. नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + ०.२ × (मिळालेलं − जुनी अपेक्षा). हा ०.२ मी सोयीसाठी धरला आहे, तो शिकण्याचा वेग. तुमच्या व्हिडिओला साधारण ५०० व्ह्यूज येतात, अपेक्षाही तेवढीच. एके दिवशी ५०,००० येतात. फरक ४९,५००, म्हणून नवी अपेक्षा १०,४००. पुढच्या व्हिडिओला ६०० येतात. महिन्यापूर्वी याच सहाशेंनी तुम्ही खूश झाला असता. आज हिशेब उणे ९,८००. त्यानंतर प्रत्येक व्हिडिओला ६०० च आले, तर अपेक्षा दर वेळी थोडी खाली सरकते. पण असे दहा व्हिडिओ झाल्यावरही ती साडेसोळाशेच्या आसपासच असते. आठवड्याला एक व्हिडिओ धरला तर अडीच महिने नेहमीचंच यश अपयशासारखं लागणार. मेंदू व्ह्यूज असे सरळ मोजत नाही हे उघड आहे, पण वळण हेच.

आणखी एक बारकावा. या पेशी एरवी सेकंदाला जेमतेम तीन-पाच संकेत देतात. आनंदाच्या बाजूला वर जायला भरपूर जागा, निराशेच्या बाजूला शून्याखाली जाताच येत नाही. मग मोठी निराशा नोंदवायची कशी? पेशी किती वेळ गप्प राहतात त्यावरून, असं दिसतं. इथे हाती पेन्सिल घेऊन बसावं असा विषय आहे, पण आवरतं घेतो.

‘डोपामिन डिटॉक्स’ (फोनसारख्या सुखांपासून काही काळ लांब राहून मेंदू ‘साफ’ करायचा म्हणे) विकणाऱ्यांसाठी मात्र एक वाक्य: डोपामिन हे विष नव्हे. याच मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो, साधी हालचाल जड होते.

चार जणांच्या चमूत व्ह्यूज पडले तरी सहकाऱ्याची दाद असते, कुणीतरी ठरवून दिलेली तारीख असते. एकट्यापुढे बहुतेक वेळा तो एकच आकडा. आणि आकडा हातात नसला की माणूस कारणं शोधू लागतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे दिले. कबुतर काहीही करो, दाणे येणारच. तरी आठपैकी सहा पक्ष्यांनी आपापलं कर्मकांड बसवलं: कुणी गोल फिरे, कुणी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसे. सात वाजून सात मिनिटांनीच पोस्ट करणारे, अकरा हॅशटॅगांवर श्रद्धा ठेवणारे यांच्यात आणि त्या कबुतरांत मला फारसा फरक दिसत नाही.

मग वजाबाकीतून बाहेर कसं पडायचं? पूर्ण अपेक्षित बक्षिसाला पेशी ढिम्म राहतात हे वर आलंच. ‘आज सहाशे शब्द लिहिले’ हे फळ स्वतःच्या हातातलं. त्यात उत्साहाची उसळी नाही, पण खड्डाही नाही. या सपाट जागेवर सवयीची यंत्रणा कामाला येते. पुरेशी तालीम झालेले उंदीर, दाणा नकोसा करून टाकला तरी कळ दाबत राहतात, असं १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. सवय फळाकडे नाही, खुणेकडे बघते: तीच वेळ, तीच खुर्ची, चहानंतर लगेच. लॅलींच्या प्रयोगात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, त्यामुळे साखळी तुटली म्हणून हाय खाण्याचंही कारण नाही.

अर्थात संपादन कधीच आपोआप होणार नाही, दर वेळी डोकं लावावंच लागेल. मेंदूच्या अभ्यासक अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहाची वाट पाठ झाली, तेव्हा सवयींशी जोडलेल्या, मेंदूच्या स्ट्रायटम भागातल्या पेशींचा गलबला वाटेच्या सुरुवातीला आणि शेवटाला एकवटला, मधे शांतता. क्रिएटरच्या कामात मधली शांतता मिळायची नाही. सवयीच्या हवाली करता येईल ते सुरुवातीचं टोक: खुर्ची ओढणं, फाइल उघडणं.